प्रिन्स चालेना!

"बारक्या, चौदा तारखेला सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणायलेत लोक. खरंय का?"

आठ महिन्यांनी दादाचा फोन आला आणि पहिलं वाक्य हे! ना कसा आहेस, ना जेवलास का. मी बाणेरच्या सिग्नलला कॅबमध्ये अडकलेलो, लॅपटॉप मांडीवर, कानात अर्धवट कॉल. २०२५ चा ऑक्टोबर. म्हटलं, दादा, बंद नाही पडणार. विंडोज १० चा सपोर्ट संपतोय १४ तारखेला. म्हणजे मायक्रोसॉफ्ट त्याला नवीन सिक्युरिटी अपडेट देणार नाही. कॉम्प्युटर चालूच राहील, पण...

"म्हणजे पडणार का नाही?"

"नाही."

"मग ठीके."

आणि फोन कट. हा आमचा दादा. परभणीत मोटारपंप, स्टार्टर, वायर, पाइप असलं सगळं विकणारं आमचं दुकान आहे, म्हणजे आधी बाबांचं, आता त्याचं. आणि आठ महिने फोन का नव्हता तेही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबा गेल्यावर मी त्याला एक मेसेज टाकला होता. घराच्या वाटणीचा. मला फ्लॅटसाठी पैसे भरायचे होते, बिल्डर मागे लागलेला, आणि मी एका शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून सख्ख्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की आपण घराचं काय ते एकदा क्लिअर करू. 'क्लिअर करू' हा शब्द मीच वापरला होता. दोन निळ्या टिका आल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'बघू.' त्यानंतर शांतता.

म्हणून मी त्याच संध्याकाळी परत फोन केला आणि म्हटलं, दिवाळीला येतो, दुकानात नवीन मशीन बसवून देतो. तो म्हणाला, ये. ट्रॅव्हल्सच्या बॅगेत मी एक नवा मिनी पीसी, जुन्या हार्ड डिस्क यूएसबीला जोडायचा अडॅप्टर आणि वकिलाने करून दिलेली एक निळी फाइल टाकली. अडॅप्टर आणि फाइल एकाच कप्प्यात. असो.

दुकानाचं काम एका दुपारचं होतं. धनत्रयोदशी, पण गिऱ्हाईक तुरळक. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्याची काय दशा केली ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. ज्याच्या शेतातली मातीच वाहून गेली तो स्टार्टर कशाला घेईल? दादाच्या उधारीच्या वहीची पानं मी बिलिंगमध्ये चढवत होतो, आणि त्याने एकाही नावापुढे 'वसुली' असा शेरा मारलेला नव्हता. मी काही बोललो नाही. मशीन लावलं, डेटा आणला, प्रिंटर चालू केला. खरी गंमत सुरू झाली घरी गेल्यावर.

वहिनींनी दिवाळीसाठी माळा आवरायला काढलेला. त्यातून खाली आला एक पिवळट पडलेला कॅबिनेट. बघताक्षणी ओळखला! २००० साली बाबांनी घेतलेला असेम्बल्ड पीसी. सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ९८. त्या काळी त्याच्यावर रेक्झिनचं कव्हर असायचं, आणि पाहुणे आले की ते कव्हर काढून दाखवायचं असायचं. 'मुलांच्या अभ्यासासाठी' घेतलेला. अभ्यास काय झाला ते तुम्हाला माहितीच आहे, कारण तुमच्याही घरी तोच झालाय. डेव्ह! रोड रॅश! पिनबॉल! आणि सगळ्यांचा बाप, प्रिन्स.

आता प्रिन्स म्हटल्यावर ज्यांना २०१० चा हॉलिवूडपट आठवला त्यांनी हा परिच्छेद नीट वाचा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया', डॉसवर १९९० साली आलेला. पांढऱ्या कपड्यातला एक पोरगा तळघरात पडलाय. साठ मिनिटं. बारा लेव्हल. तेवढ्यात वर पोचून राजकन्येला सोडवायचं आणि दुष्ट वजीर जाफरला मारायचं. जमिनीतून खिळे येतात, दरवाजे करवतीसारखे कचकन् मिटतात, आणि चुकलात की पोरगा असा काही पडतो की आपल्याला लागल्यासारखं वाटतं. आख्खा गेम एका फ्लॉपीत मावायचा. आमच्याकडे तो कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडून आला, त्यांच्याकडे कुठून आला ते विचारायचं नसतं. ओरिजिनल गेमचा खोका परभणीत कुणी बघितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"काका, हा गेम तुम्ही संपवलाय ना?" पुतण्याने विचारलं. वय वर्षं अकरा. "पप्पांना जमला नव्हता, असं तुम्ही सांगितलेलं."

"भावजी दरवर्षी सांगतेत," वहिनी म्हणाल्या.

मंडळी, इथे एक कबुली. मी प्रिन्स संपवलेला नाही. बाराव्या लेव्हलपर्यंत पोचलो होतो, सात मिनिटं शिल्लक ठेवून. तिथे अडकलो. मग गेम सेव्ह केला, आणि ऑगस्ट २००३ मध्ये इंजिनीअरिंगला पुण्याला निघून आलो. हॉस्टेलवर पहिल्या रात्री गप्पा रंगल्या, कुणीतरी विचारलं, आणि मी म्हणालो, संपवलाय. सात मिनिटं राहिली म्हणजे संपवल्यासारखंच की! मग ते इतक्यांदा सांगितलं की अंगवळणी पडलं. ऑफिसात सांगितलं. दादासमोर सांगितलं. दादाने बावीस वर्षांत एकदाही 'नाही' म्हटलं नाही. माझ्या पाठोपाठ घरातून दुसरं कुणी इंजिनीअरिंगला गेलं नाही, कारण एकाच्याच फीची सोय होती. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बीकॉम केलं आणि गल्ल्यावर बसला.

"मग दाखवा ना काका. चालू करा."

कॅबिनेटचा एसएमपीएस केव्हाच मेलेला होता. म्हटलं, सुटलो! पण अडॅप्टर बॅगेत आहे हे मीच दुपारी दुकानात पोराला दाखवलं होतं, शायनिंग मारायला. शेवटी स्क्रू खोलले, हार्ड डिस्क काढली, पिनांचा चपटा कनेक्टर जोडला आणि लॅपटॉपला लावली. पाच सेकंद काहीच नाही. मग घर्रर्र करत ती फिरायला लागली, जुनी लूना किक मारल्यावर घेते तसा श्वास घेत. डी ड्राइव्ह. गेम्स नावाचं फोल्डर. त्यात प्रिन्स.

डबल क्लिक केलं. विंडोज ११ ने निळी खिडकी दाखवून सांगितलं की हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही.

"काका, तुम्ही आयटीत आहात ना?"

बोला आता! पण इथे दोष माझा नाही आणि गेमचाही नाही. प्रिन्स हा डॉसचा, म्हणजे १६-बिट जमान्यातला प्रोग्राम. ३२-बिट विंडोजच्या पोटात अशा प्रोग्रामांसाठी एक दुभाष्या बसवलेला असायचा. जुनी मंडळी डॉसची भाषा बोलायची आणि तो ते विंडोजला समजावून सांगायचा. ६४-बिट विंडोजमध्ये त्या दुभाष्याला नारळ दिला, कारण प्रोसेसर ६४-बिटच्या चालीत चालायला लागला की जुन्या डॉससाठीची ती खास सोय त्याला वापरताच येत नाही. विंडोज १० पर्यंत निदान ३२-बिटची आवृत्ती मिळायची. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच आलं. संपला विषय. मग राइट क्लिक करून 'कम्पॅटिबिलिटी'मध्ये विंडोज ९५ निवडा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नवस बोला, डॉसचा गेम त्याने उठत नाही. ती युक्ती एक्सपीच्या काळातल्या गेमसाठी कधीकधी लागू पडते, एवढंच.

आणि हे फक्त डॉसचंच रडगाणं नाही बरं का. प्रत्येक जुना गेम आपापल्या कारणाने मरतो. १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स घ्या. तो २५६ रंगांत काम करायचा, रंगांची एक ठरलेली पेटी घेऊन. विंडोज ७ आल्यावर त्या पेटीत विंडोजच हात घालायला लागलं आणि कित्येकांच्या स्क्रीनवर हिरवं गवत जांभळं झालं. लोक काय करायचे? टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररच बंद करायचे, गेम खेळायचे, आणि मग परत चालू करायचे. घरातल्या म्हाताऱ्याला फिरायला पाठवून पत्ते कुटण्यातला प्रकार! विंडोज ९५ च्या काळातल्या काही गेमचं दुखणं आणखी मजेशीर. गेम स्वतः ३२-बिट, म्हणजे चाललाही असता, पण त्याचा इन्स्टॉलर मात्र १६-बिट. नवरदेव तयार, घोडाच अडलाय. आणि ज्यांनी प्रामाणिकपणे ओरिजिनल सीडी विकत घेतली त्यांची तर शोकांतिकाच! सीडी खरी आहे का हे तपासणारी सेफडिस्कसारखी कुलपं विंडोजमध्ये खोलवर एक ड्रायव्हर ठेवायची. तो सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा निघाला आणि २०१५ मध्ये विंडोज १० ने त्याला आत घेतलाच नाही. म्हणजे कुलूप आहे, किल्ली आहे, दारच भिंतीत गेलं. ज्याने कुलूप तोडून गेम खेळला त्याचा आजही चालतो. याला न्याय म्हणायचा?

पिनबॉलची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आमच्या आईचा गेम तो. ती भाजी निवडता निवडता बघायची आणि एक दिवस म्हणाली, सरक. एक्सपीनंतर तो विंडोजमधून गायब का झाला? मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी नंतर लिहिलं की ६४-बिटसाठी तो नव्याने बांधल्यावर चेंडू भुतासारखा आरपार जायला लागला. चेंडू कशाला आपटला हेच गेमला कळेना! आणि दुसऱ्याचा, शेरे नसलेला कोड. चूक कुठे आहे ते सापडेना, म्हणून काढून टाकला. पुढे २०२१ मध्ये एका हौशी माणसाने तयार प्रोग्रामवरून उलटा प्रवास करून त्याचा कोड परत लिहून काढला आणि पिनबॉल पुन्हा सगळीकडे धावायला लागला.

तर आपल्या प्रिन्सवर येऊ. त्यावरचा इलाज २००२ पासून उपलब्ध आहे आणि फुकट आहे, डॉसबॉक्स. हा जुन्या गेमला बदलत नाही, जुन्या गेमसाठी जग बदलतो. तुमच्या लॅपटॉपच्या पोटात एक खोटाखोटा जुना पीसी उभा करतो. खोटा प्रोसेसर, खोटं व्हीजीए कार्ड, खोटं साउंड ब्लास्टर. गेमला वाटतं आपण १९९० मध्येच आहोत. बिचारा खूश!

करायचं काय, ते पोराला दाखवलं तसंच तुम्हाला सांगतो. गेमचं फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. (जुन्या डिस्कवरून थेट खेळू नका, ती कधी राम म्हणेल सांगता येत नाही.) डॉसबॉक्स उघडा. काळ्या पडद्यावर 'माउंट सी' आणि पुढे तुमच्या फोल्डरचा पत्ता टाइप करा. म्हणजे हे फोल्डर तुझा सी ड्राइव्ह, असं त्याला सांगितलं. मग 'सी' आणि विसर्गासारखे दोन टिंब, एंटर. मग 'प्रिन्स'. झालं! अख्खी स्क्रीन हवी असेल तर ऑल्ट-एंटर. गेम फार पळायला लागला तर कंट्रोल-एफ११ ने प्रोसेसर हळू करा, रांगायला लागला तर कंट्रोल-एफ१२. हा वेगाचा प्रश्न खरा असतो, कारण जुन्या कित्येक गेमना घड्याळ माहीतच नव्हतं, प्रोसेसर जेवढा पळेल तेवढे ते पळायचे. जुन्या कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटण आठवतंय? ते दाबून वेग कमीजास्त व्हायचा, आणि त्याचा एक मुख्य उपयोग हाच, जुने प्रोग्राम आटोक्यात राहावेत. आम्ही ते रॉकेट सोडल्यासारखं दाबायचो.

ज्यांना एवढाही उद्योग नको त्यांच्यासाठी सोपे रस्ते आहेत. इंटरनेट अर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत डॉसचे सुमारे २४०० गेम थेट ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले. जीओजी ही पोलंडची कंपनी २००८ पासून जुने गेम रीतसर परवान्याने विकते, आणि त्यातल्या पुष्कळ डॉस गेमच्या पोटात हाच डॉसबॉक्स असतो. पैसे द्यायला हरकत नाही, विद्यार्थीदशा संपली आपली. पण मला त्यातला कुठलाच प्रिन्स नको होता. म्हणजे, पुतण्याला नको होता. त्याला हवा होता पुरावा.

कारण प्रिन्समध्ये गेम संपवणाऱ्यांची यादी असते, 'हॉल ऑफ फेम'. शेवटपर्यंत पोचलात की नाव विचारतो आणि किती वेळ शिल्लक होता ते नावापुढे मांडून ठेवतो. ती यादी त्याच फोल्डरमध्ये एका पिटुकल्या फाइलीत राहते. आमच्या फोल्डरमध्ये ती रिकामी असणार, किंबहुना नसणारच, हे मला पक्कं माहीत होतं. बावीस वर्षांची थाप अकरा वर्षांच्या पोरासमोर उघडी पडणार! आणि मागे दादा खुर्चीत बसून बशीत चहा ओततोय.

वेळ काढायला मी पोराला गोष्ट सांगायला घेतली. म्हटलं, हा प्रिन्स धावतो बघ कसा, खऱ्या माणसासारखा. का माहितीये? जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन पोराने हा गेम एकट्याने बनवला. १९८५ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ काढला. मग एकेक फ्रेम गिरवून त्याचा प्रिन्स केला. चार वर्षं लागली, १९८९ मध्ये गेम ॲपल-टू या कॉम्प्युटरवर आला. तलवारबाजी मात्र भावाची नाही, ती १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमावरून उचलली.

"मोठा भाऊ शूटिंग करायला आणि धाकटा उड्या मारायला?" दादा पहिल्यांदा बोलला. "बरंय."

आणि पुढची गंमत म्हणजे, मी दामटून चालू ठेवलं, त्या गेमचा मूळ कोडच हरवला होता! वीसेक वर्षं कुणालाच मिळेना. मग २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात मागे पडलेला एक खोका सापडला. त्यात फ्लॉप्या. जाणकार माणसं जुने ड्राइव्ह घेऊन आली, फ्लॉप्या वाचल्या, आणि त्याच एप्रिलमध्ये मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला करून टाकला. वहिनी म्हणाल्या, "बघा, म्हणून माळ्यावरचं काही टाकून देऊ नये." (सकाळी याच वहिनी तो कॅबिनेट भंगारवाल्याला देणार होत्या!)

गोष्ट संपली. आता इलाज नव्हता. 'प्रिन्स', एंटर.

ते संगीत वाजलं. राजवाडा आला, राजकन्या आली, जाफर आला, वाळूचं घड्याळ आलं. मग यादी. यादीत एकच नाव.

'बारक्या.' इंग्रजी अक्षरांत, बी-ए-आर-के-वाय-ए. पुढे शिल्लक वेळ, दोन मिनिटं आणि काही सेकंद.

"काका! खरंच!" पोरगं उड्या मारायला लागलं. मी स्क्रीनकडे बघत बसलो. घरात मला बारक्या म्हणणारी तीन माणसं होती. आई आणि बाबा कीबोर्डला हात लावायचे ते पुसण्यापुरता. पिनबॉल सोडून.

मी दादाकडे बघितलं. तो चहाच्या बशीत बघत होता.

पोराने तोवर माझ्याकडून लॅपटॉप ओढून फोल्डर उघडलं होतं. हल्लीची पोरं, त्यांना तारखाही वाचता येतात. सेव्ह केलेल्या गेमची फाइल, ३ ऑगस्ट २००३. यादीची फाइल, १७ सप्टेंबर २००३, रात्री ११ वाजून ४० मिनिटं.

"सतरा सप्टेंबर! मुक्तिसंग्राम दिन! सुट्टी होती म्हणून खेळलात ना काका?"

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून आम्ही मोकळे झालो, आणि त्या दिवशी आमच्याकडे शाळेत झेंडा असतो, सुट्टी असते. पुण्यात नसते. २००३ च्या त्या बुधवारी हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं. वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंड घासत उभा होतो आणि घराची भयंकर आठवण येत होती, म्हणून तो दिवस पक्का लक्षात आहे.

मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "तारखेचं काही खरं नसतंय. सेल गेलता त्याचा. काहीबी दाखवायचा."

मदरबोर्डवर बटणासारखा एक सेल असतो, तो गेला की कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालत नाही, बरोबर आहे. पण सेल गेला की तारीख काहीबाही दाखवत नाही. मागे जाते, कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर. तिथून चालत चालत १७ सप्टेंबरला पोचायचं तर परभणीत आठ-साडेआठ महिने लाइट एकदाही जाता कामा नये! शिवाय शेजारच्या फाइलीवर ३ ऑगस्ट अगदी बरोबर होती. मी निघायच्या आदल्या आठवड्यातली. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, दिवसभर लोकांच्या चुका शोधायचे मला पैसे मिळतात.

"हो," मी म्हणालो, "सेल गेला होता."

पोराला आता स्वतः खेळायचं होतं. त्याने कंट्रोल-एल दाबून माझा सेव्ह केलेला गेम उघडला. बारावी लेव्हल, सात मिनिटं. म्हणजे मी जिथे अडकलो तिथेच. वर चढत गेलं की समोरून एक सावली येते. ती प्रिन्सचीच. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारून जावं लागतं, तेव्हा ती त्याच्यातून सुटून पळालेली असते. (मेकनरकडे वेगळा शत्रू काढायला मेमरीच उरली नव्हती, म्हणून त्याने नायकालाच रंग बदलून समोर उभा केला. गरिबीतून सुचलेली कल्पना!) मग तलवारी निघतात. मी २००३ मध्ये त्या सावलीला किती वेळा मारलं असेल! तिला वार केला की आपलाच जीव कमी होतो. मारत राहिलं की आपणच मरतो. मला वाटायचं, माझा वेग कमी पडतोय. कधी वाटायचं गेममध्येच बग आहे.

पोराने वार केला. जीव कमी. परत वार. परत. मेलं.

"काका, कसं मारायचं हिला?"

मला काय माहीत! मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"मारायचं नसतंय तिला. खालचा बाण दाब. तलवार आत ठेव."

पोराने खालचा बाण दाबला. प्रिन्सने तलवार म्यान केली. सावलीनेही केली. "आता पळ तिच्या अंगावर," दादा म्हणाला. दोघं एकमेकांत शिरले, स्क्रीन लखलखली. "आता डावीकडं पळत सुट. पुढं खड्डा दिसंल, थांबू नको. पाय टाकला की खाली फरशी येतीय." आणि खरंच, हवेत फरशा उमटत गेल्या. मी हे सगळं पहिल्यांदा बघत होतो. बावीस वर्षं हा गेम संपवलेला माणूस!

पुढे जाफरने पोराला दोन सेकंदांत लोळवलं, तो भाग वेगळा.

रात्री गच्चीवर दादा आकाशकंदिलाची वायर जोडत होता, मी टॉर्च धरून उभा. मी म्हटलं, माझं नाव कामून टाकलंस? त्याने वायरीचं टोक दातांनी सोललं, थुंकलं, आणि म्हणाला, "तुझाच गेम होता की. मी नुसता शेवट केला." मग म्हणाला, "टॉर्च नीट धर."

आम्ही घराचं बोललो का? बोललो, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, निघायच्या आधी. मी विषय काढला, तोंडाने. त्याने आकडा विचारला, मी सांगितला, तो म्हणाला, एवढं एकदम होणार नाही, यंदा उधारीच बुडालीय, दोन हंगाम दे. मी म्हटलं, बघू. त्याला ते ऐकून हसू आलं. निळी फाइल बॅगेतून बाहेर निघाली नाही, पण विषय संपलाय असंही नाही. बिल्डरचा हप्ता अजून आहे आणि महिन्याच्या पाच तारखेला तो माझी आठवण काढतोच.

मागच्या आठवड्यात परत फोन. ऑफिसात होतो.

"बारक्या, प्रिन्स चालेना."

"म्हणजे? उघडत नाही?"

"उघडतंय. आवाज येईना. पोरगं म्हणतंय त्याने काहीच केलं नाही."

म्हटलं, त्याला विचार, कंट्रोल-एस दाबलं का? फोन बाजूला ठेवल्याचा आवाज, मागे दुकानातला गलका, मग पोराचा आवाज, हो, सेव्ह करायला. म्हटलं, प्रिन्समध्ये कंट्रोल-एसने आवाज बंद होतो. परत एकदा दाबायला सांग. सेव्ह करायला कंट्रोल-जी.

"जी का?"

"माहीत नाही. तसंच आहे ते."

"बरं," दादा म्हणाला. आणि मग, "जेवलास का?"